दोन सारसांची पारख

चीनमधल्या नदीकाठच्या एका गावात शेन नावाचे वृद्ध कारागीर लाकडावर कोरीवकाम करत. प्रांताच्या सुभेदाराने त्यांना सारस पक्ष्याची एक फळी कोरायला सांगितली आणि वर फर्मान काढले, "यापुढे शेनने ही विद्या कोणालाही शिकवू नये. असे काम फक्त माझ्याकडे असले पाहिजे."

शेनना आधीच शिष्य मिळत नव्हते. होडी चालवणारी लान तेवढी तीन वर्षे नेटाने शिकत होती. फर्मानानंतरही तिने छिन्नी खाली ठेवली नाही.

ठरल्या दिवशी शेननी दरबारात दोन फळ्या शेजारी शेजारी मांडल्या. "सरकार, यातली माझी एकच आहे. ओळखून घ्या."

सुभेदाराने दोन्ही न्याहाळल्या. दरबारी नुसत्या माना डोलावत राहिले.

"तूच सांग," सुभेदार चिडून म्हणाला.

"आज मी सांगेन. पण मी ऐंशीचा आहे. माझ्यामागे कोण सांगेल?"

तेवढ्यात गर्दीतून लान पुढे आली. "डावीकडची गुरुजींची, उजवीकडची माझी. माझ्या सारसाच्या मानेवरची पिसे केसभर उलटी वळली आहेत."

"म्हणजे तू फर्मान मोडलेस. शिक्षा ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. पण मला कैदेत टाकलेत, तर तुमची फळी अस्सल आहे हे उद्या कोण ओळखणार? छिन्नी धरणाऱ्यालाच हा फरक दिसतो."

सुभेदाराने पुन्हा दोन्ही फळ्या निरखल्या. फरक काही दिसेना. शेवटी त्याने फर्मान फाडले.

पुढच्या महिन्यात शेनकडे सात नवे शिष्य आले. त्यांतले दोघे खुद्द सुभेदाराने पाठवले होते.