सहा चेहऱ्यांचे पत्ते

"मग डोस वाढवू ना, बाई?"

डॉक्टर सरनाईकनं दुसऱ्यांदा विचारलं. मोठ्या बाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

मोठ्या बाई म्हणजे डॉक्टर आवटी. वेड्यांची डॉक्टरीण, असं गाव म्हणतं. गावाला दुसरं काय येतं. सरनाईक त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला. पोरगा हुशार, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक.

"कुणाचा डोस?"

"सिद्रामचा. संशय परत आलाय. सकाळी एकटाच एसटीनं निघून आला. भाऊ माझा तिरस्कार करतो, म्हणतो. घरी जाणार नाही."

सिद्रामला स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले होते, पण माणसांची तोंडं कळत नव्हती. कुणी नुसतं बघितलं तरी त्याला वाटायचं, हा आता मारणार.

म्हणून सरनाईकनं त्याला फोटोंच्या पत्त्यांवर शिकवलं. हा रागावलेला, हा भ्यालेला. हा हसरा, हा दुःखी. हा चकित. हा तिरस्कार करणारा. असे सहा. सगळा पावसाळा तेच. शेवटी सिद्राम एकही चुकेना. मग त्याला घरी सोडलं, आणि सरनाईकनं त्यावर निबंध लिहून दिल्लीला धाडला. तिथं टाळ्या पडायच्या होत्या.

"तर आता वॉर्डच," सरनाईक म्हणाला.

"मागं वॉर्डात गेला तो कधी बाहेर आला?"

"...दोन वर्षांनी."

बाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"भाऊ कुठाय त्याचा?"

"बाहेर बसलाय. न्यायला आलोय म्हणतो."

"बोलाव."

काशिनाथ आत आला. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा माणूस. केसांत कापूस अडकलेला. खुर्चीच्या कडेवर टेकला.

"काय रे, सिद्राम घरात नको झालाय का?" बाईंनी सरळ विचारलं.

"नको कसा, बाई? पाठचा भाऊ हाय. नको असता तर खाडा करून कशाला आलो असतो?"

"मग तोंड असं का?"

"कसं?"

बाई सरनाईककडं वळल्या. "तुझे पत्ते मांड. सांग, हे तोंड कुठल्या पत्त्यावर बसतं?"

"बाई, माणसाच्या समोर असं..."

"मांड."

सरनाईकनं पत्ते टेबलावर मांडले. काशिनाथकडं निरखून बघितलं. भुवया खाली आलेल्या. ओठ आवळलेले. डोळे अर्धे मिटलेले.

"राग," तो म्हणाला.

"रागावलायस, काशिनाथ?"

"न्हाई बा."

"मग दुःख."

"दुःख कशाचं, डॉक्टर? कालच पगार झालाय."

सरनाईकनं तिरस्काराचा पत्ता उचलला. काशिनाथच्या तोंडाजवळ धरला. बराचसा जुळत होता...

हात आपोआप खाली आला.

"झोपलास कधी?" बाईंनी विचारलं.

काशिनाथ आठवत राहिला.

"रात्री माग. दिवसा हा उठून कुठं जातो काय, म्हणून ह्याच्यापाशी. बायको बसती थोडं. पण तिला शिवणकाम हाय... तो घरी आल्यापासनं नीट अशी न्हाई झोप."

सरनाईकनं हातातला पत्ता टेबलावर ठेवला.

"मला म्हणाला, दादा, तू माझ्याकडं बघून असं तोंड का करतोस? मी म्हणलं, काय न्हाई रे. आणि हसून दाखवलं. तर म्हणाला, खोटं हसतोस." काशिनाथनं तोंडावरून हात फिरवला. "खोटंच हसत हुतो की."

सरनाईकनं सहाही पत्ते पुन्हा चाळले. वरून खाली, खालून वर.

"म्हणजे त्याचं चुकलं नाही," तो हळू म्हणाला. "आहेत त्यातला सगळ्यात जवळचा त्यानं उचलला."

"तूही तोच उचललास."

सरनाईकची मान खाली गेली. "आता मी त्याला काय दाखवू, बाई? असा फोटो माझ्याकडं नाही."

"चारची गाडी हाय," काशिनाथ म्हणाला. "येईल का हो तो?"

बाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, जड. खुर्ची खिडकीपाशी उजेडात ओढली आणि बसल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला. पदरानं डोळे चोळले, पण तोंडावरचा शीण तसाच राहिला.

काशिनाथनं त्यांच्याकडं पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच त्याची पाठ खुर्चीला टेकली.

सरनाईक पत्ते हातात घेऊन तसाच उभा.

"ठेव ते," बाई म्हणाल्या. "आत आण सिद्रामला. आधी माझ्याकडं बघू दे. मग भावाकडं."