केरबामामांचा स्पेनचा घाट

एक होतं गाव आणि त्यात होता रंगू नावाचा एक भोळा जावई. सांगितलेलं तो तंतोतंत करायचा, फक्त एक खेप उशिरा.

त्याचे सासरे केरबामामा. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यावर त्यांनी साऱ्या गावाला सांगितलं, "स्पेनातला मोठा घाट सायकलवरनं चढणार. पाय न टेकता!" गाव हसलं. मामांना ते हसणं फार लागलं. ते तडक विमानात बसले. लेकीनं सोबतीला नवरा धाडला. जावयाला टाकून बोलायची मामांच्या घरात रीत नव्हती, एवढीच काय ती अडचण.

स्पेनात ऊन असं, की रस्त्याचं डांबर चपलांना चिकटावं. रंगूनं सायकलींत टच्च हवा भरली आणि त्या उन्हात उभ्या केल्या. फाट! मामांची ट्यूब फुटली.

"जावईबापू," मामा दात आवळून म्हणाले, "फुगवलेलं कायबी उन्हात ठेवलं, की हवा सोडायची असती."

"बरं मामा. आता ध्यानात ठेवतो."

मामांनी नवी ट्यूब घातली. दुपारी ते ऑलिव्हच्या झाडाखाली हवेची गादी फुगवून आडवे झाले. ऊन सरकत सरकत गादीवर आलं. रंगूनं हळूच बूच काढलं. मामांची पाठ दगडावर आली.

"जावईबापू, माणूस झोपला की गुमान बसायचं. हूं का चूं करायचं न्हाई!"

"बरं मामा."

मामांचा पुन्हा डोळा लागला. तेवढ्यात एक चोर आला आणि त्यानं रंगूची सायकल उचलली. रंगूनं हूं का चूं केलं नाही. उलट घंटी वाजू नये म्हणून ओठावर बोट ठेवून चोरालाच खूण केली.

मामा उठले. "तुमची सायकल कुठाय?"

"एकानं नेली. फार सज्जन माणूस मामा, अजिबात आवाज केला नाही."

"जावईबापू, सायकल उभी राहिली, की पयलं कुलूप घालायचं!"

रंगूनं लगेच मामांच्या सायकलीला कुलूप घातलं. किल्ली तिथंच लटकत ठेवली.

"अहो, किल्ली कुलपापाशी ठेवत्यात व्हय? कुलूप एकीकडं, किल्ली लांब दुसरीकडं!" मामांनी कुलूप काढलं आणि दोन्ही वस्तू त्याच्या हवाली केल्या.

दुसऱ्या दिवशी घाट. मामा सायकलवर, रंगू शेजारून चालत. सूर्य आग ओकत होता. गुडघे कुरकुरत होते. मामा पाय टेकायला तयार नव्हते. शेवटचं वळण आलं. वर चर्चच्या पायरीवर बसलेली म्हातारी मंडळी टाळ्या वाजवू लागली. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं गाव तोंडात बोट घालून बघतंय, असंच त्यांना दिसू लागलं. आता राहिले होते चार हात.

चढ उभा होता. सायकल हळू झाली, आणखी हळू झाली. इतकी, की रंगूला वाटलं, उभीच राहिली.

खट्!

मामांचे पाय टेकले, हात टेकले, हनुवटीसुद्धा टेकली. टाळ्या थांबल्या.

"किल्ली!" मामा रीतभात विसरून गरजले. "किल्ली आण, गाढवा!"

रंगू खुशीत हसला.

"इथं कशी असेल मामा? सकाळीच घाटाखाली हॉटेलात ठेवून आलो. लांब, दुसरीकडं."