साठ घरांचा निष्कर्ष

“…म्हणजे अन्नछत्र बंद केलं तरी चालेल, असंच निघतं ना बुवा यातून?”

विचारणारा श्रीरंग खानझोडे. नागपूरला एम.ए. करणारा पोरगा. मांडीवर शोधनिबंध, आणि चेहरा असा की एकदाचं गंगेत घोडं न्हालं.

सोनबुवा डोळे मिटून बसले होते. मठामागे नदी, नदीवर दुपारचं ऊन तरंगत होतं. झाडावर होला घुमत होता. त्या घुमण्यानं माझेही डोळे जड झाले होते, हातातली चिंच फोडायची राहूनच गेली होती.

खरं सांगतो, मला त्या पोराचा राग आला होता. मठाचे विश्वस्त म्हणाले होते, निबंध सांगेल तसं करू. म्हणजे नदीपलीकडच्या वाडीतल्या पोरांची रोजची खिचडी याच्या एका ओळीवर अडलेली. आणि ती खिचडी मी रांधतो.

“किती घरं?” बुवांनी डोळे न उघडताच विचारलं.

“साठ. आठवडाभर, भर दुपारी घरोघर गेलो. जेवलात का, म्हणून विचारलं. अठ्ठावन्न घरं म्हणाली, हो, पोटभर.”

“आणि दोन?”

“तिथं मोठं कुणी नव्हतं. चिल्लीपिल्ली म्हणाली, सकाळपासून काही नाही. ते मी धरलं नाही. लहान पोरं काय, तोंडाला येईल ते बोलतात.”

“हं…”

नदीकडून वारा आला, मोहाच्या फुलांचा वास घेऊन. श्रीरंग उगाच पानं सारखी करत राहिला.

“चुली पेटल्या होत्या?”

“चुलीचं प्रश्नावलीत नव्हतं, बुवा.”

घ्या! मी कपाळावर हात मारला.

“तुला चहा दिला?”

“त्या अठ्ठावन्नही घरी! कोराच, पण काय तो आग्रह! फार गोड माणसं.”

बुवा हसले. मग डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. मायेनं पाहिलं, ते मला जरा खटकलंच.

“पहाटेच्या एसटीनं आलास?”

“हो, साडेपाचच्या.”

“आता दोन वाजले… जेवलास का रे बाळा?”

“हो हो, जेवलो ना! अगदी पोटभर. तुम्ही मुळीच त्रास घेऊ नका.”

आणि नेमकं तेव्हाच त्याचं पोट असं गुरगुरलं, की होलासुद्धा घुमायचा थांबला.

श्रीरंगनं मान खाली घातली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी हसणार होतो, पण हसू आलं नाही. माझा राग कुठं गेला, देव जाणे. उठलो, ताट वाढून आणलं. भाकर, झुणका, फोडलेला कांदा.

त्यानं ताटाला हात लावला नाही. तो त्या कागदांकडेच बघत होता, एकेक पान उलटत. पहिलं घर… दुसरं घर… त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

“बुवा…” एवढंच म्हणाला तो.

बुवांनी त्याची खाली पडलेली पेन्सिल उचलली आणि त्याच्या हातात दिली.

“लिही. घर एकसष्टावं. पोटभर जेवतात.”