आधीची जोडणी

“मग दीक्षा कधी देणार, महाराज?”

मकरंदनं हे विचारायची ही काही पहिली वेळ नव्हती. पुण्यातली नोकरी सोडून, घराला कुलूप लावून तो या नदीकाठच्या मठात येऊन राहिला होता. बायको जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. त्याला भगवी वस्त्रं हवी होती, नवं नाव हवं होतं, आणि तेही लवकर.

विमलगिरी महाराज म्हणाले, “भजनांचं काम अडलंय ना? ते सोडव. मग बघू.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मठातली जुनी भजनं कोठीतल्या मोठ्या संगणकावर एका शेअर्ड फोल्डरमध्ये होती. ग्रंथालयातल्या संगणकावरून ते फोल्डर उघडायचं. पूर्वी दर सुट्टीत मकरंद आणि त्याची बायको दोघं येत. ती भजनं रेकॉर्ड करी, तो आवाज साफ करून ठेवी. ती गेली आणि काम थांबलं. मशीन जुनं आहे, तार खराब आहे, असं तो सगळ्यांना सांगे. नाचता येईना, अंगण वाकडं!

दोघं ग्रंथालयात आले. मकरंदनं स्वतःचं नाव आणि पासवर्ड टाकला.

पडद्यावर सूचना आली. महाराजांनी चष्मा लावला.

“काय म्हणतंय हे?”

“एकाच जागी बसून दोन नावांनी आत येता येणार नाही. आधीची जोडणी तोडा, मग या.”

“मग तोड.”

मकरंदनं माऊसवरचा हात काढला. मग घाईनं म्हणाला, “तोडायची गरज नाही, महाराज. युक्ती आहे. त्या संगणकाला नावानं हाक मारायचीच नाही. त्याचा नेटवर्कवरचा आकडा टाकायचा. संगणक तोच, पण याला वाटतं हा दुसराच कुणी.”

त्यानं आकडा टाकला. फोल्डर झटकन उघडलं.

“झालं बघा!” तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता. “आता दीक्षा?”

“आणि आधीचं नाव?”

“ते... राहू दे. कुणाला त्रास नाही त्याचा.”

“कुणाचं आहे?”

“तिचं,” मकरंद म्हणाला.

शेवटच्या खेपेला ती इथंच बसली होती. इथूनच तिनं पासवर्ड टाकला होता. तो कुठं साठवलेला नव्हता, कुणाला सांगितलेला नव्हता. त्यानंतर हे मशीन एकदाही बंद झालं नव्हतं; झालं असतं तर तिची जोडणीही तुटली असती. वीज गेली तरी चालू राहावं म्हणून मकरंदनं टेबलाखाली बॅटऱ्या जोडल्या होत्या. मशीनची किती काळजी घेतो, म्हणून मठातली माणसं त्याचं कौतुक करत.

“नवा पासवर्ड नाही देता येत?”

“येतो. पण मग तो मी दिलेला होईल. तिच्या हातचा हा शेवटचा आहे.”

महाराज वाकले. त्यांचा हात टेबलाखालच्या बटणाकडे गेला.

“नको!”

मकरंदनं त्यांचं मनगट धरलं. मठात महाराजांना पायांखेरीज कुठंही कुणी हात लावत नसे. त्यानं मात्र ते मनगट असं घट्ट धरलं होतं की महाराजांची बोटं पांढरी पडली.

“हेमांगी आहे त्यात!” तो ओरडला.

ती गेल्यापासून तिचं नाव त्यानं तोंडातून काढलं नव्हतं. लोकांशी बोलताना ‘घरातलं माणूस’ म्हणे, नाहीतर विषयच बदले. आता ते बाहेर पडलं आणि मागोमाग सगळंच बाहेर पडलं. तो खाली फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. स्मशानातसुद्धा तो असा रडला नव्हता. तिथं त्याला पाहुण्यांच्या गाड्यांची व्यवस्था बघायची होती.

महाराजांनी हात सोडवून घेतला नाही. बटणही दाबलं नाही. त्याच्याशेजारी, तसेच वाकडेतिकडे, तेही फरशीवर बसले.

मशीन चालूच होतं.

पुष्कळ वेळानं मकरंदनं डोळे पुसले. मनगटावरची स्वतःची बोटं पाहून तो ओशाळला.

“चुकलो, महाराज. मी दीक्षेला लायक नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. म्हणूनच देत नव्हतात ना?”

महाराजांनी मान हलवली. नाही.

“मग का?”

महाराजांनी तोंड खिडकीकडे वळवलं. हेमांगी आली की पहिलं भजन त्यांच्याकडूनच म्हणवून घेई. ती गेल्याचं कळलं त्या दिवशीही ठरल्या वेळी त्यांनी आरती केली होती, ठरल्या वेळी प्रसाद वाटला होता.

“संन्याशाला सुतक नसतं, बाळ.”