थरथरत्या हाताचे तीन बाण

एका राज्यात, ज्याचे नाव आता कोणालाच आठवत नाही, भद्रसेन नावाचा राजा होता. राज्य सुखी होते. विहिरींना पाणी होते, गोठ्यांत दूध होते आणि लोकांना धनुष्यबाणाचे वेड होते. वेड म्हणजे किती? तर पोर बसायला लागले की त्याच्या हाती आधी धनुकली द्यायची, खुळखुळा मागाहून.

नेमाच्या मैदानाच्या वेशीवर दोन नियम दगडात कोरलेले होते. पसरलेल्या हातावर पाण्याने भरलेली वाटी ठेवावी; ज्याचे पाणी सांडेल त्याने मैदानात पाऊल टाकू नये, हा पहिला. एकदा ओढलेली दोरी बाण सोडल्यावाचून उतरवू नये, उतरवील तो भेकड, हा दुसरा. हे नियम कोणी केले आणि का केले, हे कोणी सांगू शकत नसे. ज्याचे कारण ठाऊक नसते तेच माणसे सर्वांत घट्ट धरून बसतात, हे तुम्ही जाणताच.

राजाला दोन अपत्ये. थोरला अरिंजय, त्याच्या हातावरच्या वाटीत बघून खुशाल भांग पाडून घ्यावा, असा निश्चल त्याचा हात. धाकटी शलाका. तिचे दोन्ही हात लहानपणापासून थरथरत. भीतीने नव्हे, थंडीने नव्हे, उगाच. कोणी टक लावून पाहिले की अधिकच. वैद्य आले, लेप झाले, काढे झाले, मांत्रिकांचे गंडे झाले. हात आपला थरथरतोच आहे. राजकन्येने ताक वाढले की पानात कमी आणि पाटावर जास्त, असे दासी म्हणत, आणि शलाकाही त्यांच्याबरोबर हसे.

पण एक गोष्ट तिला हसण्यावारी नेता येत नव्हती. तिला धनुष्य आवडे. दोरीचा टणत्कार ऐकला की हातचा घास हातात राही. वर्षोवर्षे ती वाटीची परीक्षा द्यायला गेली आणि वर्षोवर्षे मनगट भिजवून परत आली. मैदानाचे आचार्य दृढधन्वा दर वेळी हळुवारपणे वाटी उचलून घेत. त्या हळुवारपणाचाच तिला जास्त राग येई.

असे चालले असता राजाने गावाबाहेर नवे तळे खणायला घेतले. खणता खणता तांब्याच्या झाकणाचा रांजण लागला. तो धूम्राक्ष नावाच्या मांत्रिकाचा ठेवा होता. राजा माणूस चांगला. पण सोन्याचा वास आला की चांगल्या माणसाचाही हात पुढे होतो. त्याने झाकणाला हात लावला आणि पागोट्यापासून पायताणापर्यंत सोन्याचा झाला.

रांजणातून धूर निघाला. धुराचा मांत्रिक झाला. मांत्रिक म्हणाला, "माझ्या ठेव्याला जो शिवेल, तो माझा ठेवा होईल. राजा परत हवा असेल तर माझी तीन लक्ष्ये वेधा. धनुर्धर एक, बाण तीन. ज्याचा बाण चुकेल तोही सोन्याचा."

शाप तेवढ्यावर थांबला नाही. रांजणाभोवतीचे गवत सोन्याचे झाले, मग गायरान, मग काठावरचा गहू. प्रथम लोकांना आनंद झाला. त्यांनी टोपल्या भरल्या. मग जेवायची वेळ झाली. सोन्याचा दाणा जात्यात भरडेना, दातांत फुटेना. गाई गवत हुंगत आणि तोंड फिरवीत. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात मारून घेत नाही, हे तेव्हा सगळ्यांना आठवले. पण शाप दर दिवशी एकेक शेत पुढे सरकत होता.

अरिंजय पुढे झाला. पहिले लक्ष्य होते दिव्याची ज्योत. दिवा लवंडू न देता ज्योत तेवढी विझवायची. अरिंजयाने दोरी कानापर्यंत ओढली आणि ज्योत स्थिर व्हायची वाट पाहत राहिला. पण ती मांत्रिकाची ज्योत. ती डावीकडे लवे, उजवीकडे लवे, स्थिर काही होईना. अरिंजयाच्या कपाळावर घाम आला. खांदा भरून आला. दोरी उतरवावी तर राजपुत्र भेकड ठरणार. शेवटी बोटेच सुटली आणि बाण दिव्याच्या वरून गेला. राजपुत्र बापाशेजारी सोन्याचा होऊन उभा राहिला. त्याच्यामागून राज्यातले नामांकित धनुर्धर गेले आणि तळ्याच्या काठी सोन्याची रांग लागली. मग मात्र उरलेल्यांची पाचावर धारण बसली. कोणाची कंबर दुखू लागली, कोणाच्या घरी पाहुणे आले.

शलाका गर्दीत उभी राहून हे सारे पाहत होती. तिला बापासाठी रडू येत होते, भावासाठी रडू येत होते. पण एक गोष्ट तिने पाहिली, जी दुसऱ्या कोणी पाहिली नाही. बाण सुटण्यापूर्वी दादाचा हात थरथरत होता. थेट तिच्या हातासारखा.

ती धनुष्य घेऊन टेकडीमागच्या जुन्या सरोवरावर गेली. पाण्यात कमळाचे वाळके बोंड होते, त्यावर तिने नेम धरला. मूठ गच्च आवळली, श्वास कोंडला, दातांवर दात रोवले. बाण पाण्यात गेला. दुसरा गेला. तिसरा गेला.

"मासळी भिववू नकोस," कोणी म्हणाले.

वाळल्या फांदीवर कवड्या खंड्या बसला होता, काळ्या-पांढऱ्या पंखांचा आणि लांब चोचीचा. त्या राज्यात पक्षी बोलत, त्यात नवल नव्हते. हा मात्र जरा तिरसट होता. शलाकाने त्याची क्षमा मागितली आणि सांगितले, की माझा हात स्थिर राहत नाही.

"माझे पंख पाहा," खंड्या म्हणाला आणि उडाला. पाण्यावर एका जागी तो अधांतरी राहिला. पंख एवढे फडफडत होते की दिसतही नव्हते, पण डोके जागचे हलत नव्हते आणि डोळा पाण्यात रुतलेला होता. मग तो एकदम खाली गेला आणि मासा घेऊन वर आला.

"पंख स्थिर होईपर्यंत थांबलो असतो," तो मासा गिळून म्हणाला, "तर उपाशी मेलो असतो."

त्या दिवसापासून शलाका रोज सरोवरावर जाऊ लागली. खंड्या शिकवी कमी आणि टाकून बोले जास्त. मूठ आवळलीस की थरथर वाढते, धनुष्य तळहातावर नुसते टेकू दे, असे तो म्हणे. हलके धनुष्य तुझ्या हाताबरोबर नाचते, जड घे. तिने शस्त्रागारातून लोखंडी कड्यांचे जुने धनुष्य काढले. ते उचलताना खांदे दुखले, पण ते तिच्या थरथरीला बधत नव्हते. उपाशीपोटी येऊ नकोस, रिकाम्या पोटाचा हात अधिक हलतो. श्वास कोंडू नकोस. अर्धा सोड, आणि पुढचा घेण्याआधी जी क्षणभर शांतता असते, तिच्यात बाण जाऊ दे. बाणाचे टोक बोंडावर लहानसे रिंगण घालील. घालू दे. रिंगणाशी भांडू नकोस, ते लहान कर.

एवढे सगळे तिने ऐकले. शेवटचे मात्र ऐकवेना.

"नेम बसला नाही तर दोरी उतरव," खंड्या म्हणाला. "मी किती वेळा झेप टाकता टाकता बाजूला होतो आणि पुन्हा येतो! मला कोणी भेकड म्हटलेले नाही. मासे तर मुळीच म्हणत नाहीत."

पहिल्यांदा तिने भरली दोरी रिकामी उतरवली तेव्हा आजूबाजूला कोणी नव्हते, तरी चोरी केल्यासारखे तिचे तोंड लाल झाले. मग तिने पुन्हा ओढली आणि बाण बोंडात रुतला. हात थरथरतच होता. त्याच हाताने तिने डोळे पुसले.

गव्हाचे शेवटचे हिरवे शेत उरले तेव्हा शलाका वेशीवर आली. दृढधन्व्यांनी वाटी भरली. तिने हात पसरला. पाणी सांडले.

"पाणी सांडले, आचार्य," ती म्हणाली. "बाण अजून सांडलेला नाही."

"नियम मला मोडता येत नाही, राजकन्ये."

"मोडू नका. मांत्रिकाचे तळे मैदानाबाहेर आहे."

आचार्य वाटी खाली ठेवून तिच्या मागून चालू लागले, आणि त्यांच्या मागून सारी नगरी.

धूम्राक्षाने तिचा हात पाहिला आणि तो पोट धरून हसला. राज्यातले धड हात संपले वाटते, म्हणाला. शलाकाने दिव्याकडे पाहिले. ज्योत नाचत होती, बाणाचे टोकही नाचत होते. पण टोकाचे रिंगण लहान होते आणि ज्योत फिरून फिरून त्यातच येत होती. तिने श्वास अर्धा सोडला. बाण गेला. ज्योत विझली, दिवा तसाच उभा राहिला, तेलाचा थेंब सांडला नाही. लोकांनी आरोळी ठोकायला तोंड उघडले आणि भीतीने पुन्हा मिटले.

दुसरे लक्ष्य होते पिंपळाचे पान. सारा पिंपळ हिरवा आणि त्यात एकच पान तांब्याचे. ते देठावर तोडायचे. वारा नव्हता, तरी झाड सळसळत होते. शलाकाने दोरी ओढली. रिंगण मोठे पडले. बसत नाही, हे तिला कळले, आणि तिने सर्वांदेखत दोरी रिकामी उतरवली.

गर्दीतून हाय निघाली. कोणीतरी "भेकड" म्हणालेही. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण मांत्रिकाचे हसू तेवढ्यात मावळले होते, ते आचार्यांनी पाहिले. तिने पुन्हा दोरी ओढली, आणि तांब्याचे पान टणकन मातीवर पडले.

"तिसरे," धूम्राक्ष म्हणाला, आणि त्याने सोन्याच्या राजाकडे बोट दाखवले. राजाच्या पागोट्याच्या तुऱ्याला एक मोती लोंबत होता, राजाच्या कानशिलापासून बोटभर अंतरावर, आणि तो झुलू लागला. "मोती फोड. बोटभर चुकलीस तर तुझ्या बापाच्या ठिकऱ्या होतील, आणि तू त्याच्याशेजारी उभी राहशील."

शलाकाचा हात थरथरू लागला तो असा की हातातल्या बाणाची पिसे वाजू लागली. ती घाबरली होती. खोटे कशाला सांगू? समोर बाप होता. तिने दोरी ओढली, उतरवली. ओढली, पुन्हा उतरवली. मग धनुष्य गवतावर ठेवून ती खाली बसली, कमरेच्या बटव्यातून गुळाचा खडा काढून खाल्ला आणि दासीकडून पाणी मागून घेतले. नगरी थक्क झाली.

"तुमच्या राज्याचा नियम विसरलीस?" मांत्रिक ओरडला. "ओढलेली दोरी उतरवायची नसते."

"तो आमचा नियम आहे," शलाका म्हणाली. "तुझी अट नव्हे. तुझी अट बाण चुकण्याची, आणि माझा बाण अजून माझ्यापाशी आहे."

मांत्रिकाने आजवर अनेक धनुर्धर जिंकले होते, आणि त्यांतला एकही त्याच्या जादूने चुकला नव्हता; सगळे दोरी उतरवायच्या लाजेने चुकले होते. ही लाजच सोडून बसली होती.

शलाका उठली. मूठ सैल केली. लोखंडी धनुष्य तळहातावर टेकले. हात थरथरत होता, टोक मोत्याभोवती फिरत होते, रिंगण लहान होत होत मोत्याएवढे झाले. तिने श्वास सोडला. त्या शांततेत बाण गेला.

मोती फुटला. बाण पागोट्याची घडी शिवून पलीकडे गेला. राजा भद्रसेनाने डोळे मिचकावले आणि पहिले वाक्य बोलला, "शलाके, फार भूक लागली गं." अरिंजय हलला, मागची सारी रांग हलली, गवत हिरवे झाले, ओंब्यांत दूध भरले. गाई हंबरत गायरानात धावल्या. धूम्राक्ष चुलीच्या धुराएवढा उरला आणि वाऱ्यावर गेला. शलाकाने धावत जाऊन बापाला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने रडली. मग तांब्याच्या झाकणाला कोणीही न शिवता रांजणावर माती लोटली, तळ्यात पाणी सोडले, आणि राजा धनुर्धरांच्या पंक्तीत बसून गव्हाच्या पोळ्या जेवला. किती, ते विचारू नका.

पुढे दसरा आला. वेशीवरचे दोन्ही नियम राजाज्ञेने छिन्नीने काढून टाकले होते, आणि छिन्नी दृढधन्व्यांनी स्वतः धरली होती. शलाका प्रथमच मैदानाच्या मध्यभागी उभी राहिली. सारे राज्य टक लावून पाहत होते, म्हणून हात अधिकच हलत होता. तिने दोरी ओढली. रिंगण मोठे पडले. तिने ती उतरवली.

कोणी हाय म्हटले नाही. कोणी हसले नाही. राजा, राजपुत्र, आचार्य, बायाबापड्या, कडेवरची पोरे, सगळे राज्य तिच्यासाठी शांतपणे थांबून राहिले. तिने श्वास घेतला आणि धनुष्य पुन्हा उचलले.

तिचा बाण जसा ठिकाणी लागला, तसा तुमचाही लागो, आमचाही लागो.