यंत्राला वाढवून दिलेली पाच वर्षं

"पण हे यंत्र पंधरा वर्षं चालणार, हे तुला कोणी सांगितलं?" बुढनबाबांनी विचारलं.

अभिनंदन मगदूमचं लॅपटॉपवरचं बोट जागच्या जागी थांबलं.

तासाभरात बाबांनी विचारलेला हा दुसराच प्रश्न होता. पहिला होता, "चहा घेणार का?"

"सांगायला कोण कशाला पाहिजे, बाबा? अंदाज असतो तो. शास्त्रशुद्ध अंदाज."

"हं..." बाबा म्हणाले आणि दाढी खाजवत बसले.

अभिनंदनला खरं तर इथे यायचंच नव्हतं. परदेशात शिकून आलेला माणूस, पंपांचे सुटे भाग ओतणाऱ्या फौंड्रीचा मालक, आणि टेकडीवरच्या एका फकिराच्या तकियात, म्हणजे त्याच्या मठीत, कडुनिंबाच्या कट्ट्यावर, सतरंजीवर बसलेला. पँट इतकी घट्ट की मांडीसुद्धा धड घालता येईना.

पण त्याच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, कंपनीच्या नियमावलीतच लिहून ठेवलं होतं : संचालकांची मतं समसमान पडली, तर निर्णायक मत बुढनबाबांचं. वकील हात जोडून थकले, आप्पांनी ऐकलं नाही. आप्पांचा जगात दोघांवर विश्वास. एक भट्टी, दुसरे बाबा.

आणि आप्पा गेल्यावर पहिल्याच मोठ्या खरेदीला मतं समसमान पडली. नवी जागा, नवी इमारत, आणि साचे बनवणारं यंत्र, ऑटोमॅटिक मोल्डिंग लाइन. त्यासाठी जुनी फौंड्री बँकेकडे गहाण टाकायची होती. त्या फौंड्रीवर दोनशे घरांच्या चुली पेटत होत्या.

"सोपं करून सांगतो," अभिनंदन म्हणाला. सोपं करून सांगायला त्याला मनापासून आवडायचं. "आजचा रुपया आणि दहा वर्षांनी मिळणारा रुपया, दोन्ही सारखे नसतात. आमच्या हिशेबाने दहा वर्षांनंतरच्या रुपयाची आजची किंमत सत्तावीस पैसे."

"म्हणजे मी दहा वर्षांनी मत दिलं, तर ते पाव मत?"

अभिनंदनच्या मागे बसलेल्या वैजयंतीबाईंना ठसका लागला. त्या कंपनीच्या हिशेब विभागाच्या प्रमुख.

"तसं नाही, बाबा. आमचा नियम आहे, कमाईचा दर चौदा टक्क्यांच्या खाली असेल तर पैसा गुंतवायचा नाही. इथे चौदा पूर्णांक दोन येतोय. बघा."

बाबांनी पडद्याकडे बघितलं. मग वैजयंतीबाईंकडे.

"पहिल्यांदा किती आला होता, बेटी?"

वैजयंतीबाईंनी सतरंजीचा एक दोरा ओढायला सुरुवात केली.

"... नऊ."

"मग?"

"मग साहेब म्हणाले, यंत्राचं आयुष्य दहा वर्षं धरलंय, ते फार कमी आहे. पंधरा धरा."

बाबा ताठ बसले. त्यांच्या चेहऱ्यावर अभिनंदनने कधी न पाहिलेला आदर पसरला.

"पाच वर्षं वाढवलीस तू?"

"बाबा, ते कागदावर..."

"चाळीस वर्षं लोक इथे येतात, अभिनंदन. आयुष्य वाढवून द्या म्हणतात. माझ्याच्याने आजवर कुणाचा एक दिवस वाढला नाही." बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. आपली बसायची गादी त्यांनी दोन हातांनी झटकली. "ये. इथे बस."

"बाबा, काय चाललंय हे?"

"बस म्हणतो ना."

आप्पांच्या मित्राला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. तो बसला. गुरुवार होता, कट्ट्याखाली दुवा मागायला आलेली माणसं ताटकळत होती. बाबांनी त्यांना हाक मारली.

"या रे! हे मोठे आहेत माझ्याहून. पाच वर्षं वाढवून देतात."

माणसांनी क्षणभर एकमेकांकडे बघितलं... आणि रांग लावली.

पहिली बाई अभिनंदनच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "म्हस हाय सायेब माझी. आटत आलीया. तेवढी पाच वर्सं द्या की."

"अहो मावशी, उठा. मी तसला नव्हे."

"माणसांचंच करता व्हय?"

"नाही! कुणाचंच नाही!"

तिच्या मागे काठी टेकत एक म्हातारा आला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि जरा नाराजीनेच विचारलं, "पाचच? धा न्हाई का हुयाची?"

अभिनंदनचे कान लाल झाले. तो गादीवरून उठला, घाईत बाबांच्या चहाच्या कपाला पाय लागला, चहा सतरंजीभर झाला.

"बाबा, माझी थट्टा करायची असेल तर करा. पण मला उद्या बँकेत जायचंय. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा, मी जातो!"

रांग दोन पावलं मागे सरली. म्हातारा तेवढा जागचा हलला नाही.

"नाही कशाला म्हणू?" बाबा शांतपणे म्हणाले. "कागद आण. माझं मत होकाराला."

अभिनंदनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"होकाराला?"

"तू एवढा शिकलेला. मला यातलं काय कळतं?"

वैजयंतीबाईंनी ठरावाचा कागद पुढे केला. बाबांना सही येत होती, पण शाईत अंगठा बुडवायची त्यांना हौस. त्यांनी तो पॅडवर चांगला दोनदा फिरवला, निळाशार करून घेतला, आणि कागदावर नेला.

अंगठा खाली येऊ लागला.

अभिनंदन त्या अंगठ्याकडे बघत होता. जिंकला होता तो. आता फक्त उतरून गाडीत बसायचं होतं. पण त्याचा पाय निघेना. आजवर कोणीतरी नाही म्हणत होतं, म्हणून तो हो म्हणत सुटला होता. आता नाही म्हणायला कोणीच उरलं नव्हतं.

"थांबा!"

बाबांचा अंगठा कागदापासून बोटभर वर थांबला.

"का रे?"

"दहाच वर्षं चालतं ते." अभिनंदन म्हणाला. "विकणाऱ्यानेही दहाच सांगितली होती. पंधरा मी... नऊच टक्के येतात, बाबा. जुनी फौंड्री गहाण टाकावी इतकं काही त्यात नाही."

त्याने कागद ओढून घेतला. दोन तुकडे केले, आणि ते कुठे टाकावेत ते न सुचून खिशात घातले.

वैजयंतीबाईंनी बोटाला गुंडाळलेला सतरंजीचा दोरा सोडला.

"बाई, नऊचाच अहवाल ठेवा बोर्डापुढे."

"तोच आणलाय, साहेब," त्या पुटपुटल्या. "तीन महिने पर्समध्ये आहे."

कट्ट्याखालची माणसं पांगली. म्हाताराही, या माणसात काही दम नाही असं बघून, काठी टेकत निघून गेला. बाबा निळा अंगठा कडुनिंबाच्या खोडाला पुसत राहिले.

वैजयंतीबाई लॅपटॉप उचलून गाडीकडे निघाल्या.

"एक सांग," बाबा म्हणाले. "हिशेबात बसत नव्हतं, तरी कशाला एवढा अडून बसला होतास?"

अभिनंदनने मान खाली घातली. वैजयंतीबाई गाडीकडे गेल्याची त्याने आधी खात्री करून घेतली.

"माझ्या मेहुण्याने नवा कारखाना बांधलाय, बाबा. उद्घाटनाला गेलो होतो. दाराशीच... काचेचा दरवाजा आहे. आपण समोर गेलो की आपोआप उघडतो."

"आपोआप?"

"आपोआप. हातसुद्धा लावावा लागत नाही. आमच्याकडे अजून ते लोखंडी शटर आहे, दोघांनी मिळून ओढायचं. सगळे नातेवाईक त्या दरवाजातून आत-बाहेर, आत-बाहेर करत होते. आणि मेहुणा माझ्याकडे बघून हसला."

बाबांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. प्रार्थना करतायत असं वाटून अभिनंदनने हात जोडले...

बाबांनी एक डोळा उघडला.

"नुसता दरवाजा केवढ्याला पडतो रे?"