बचनागाची बरणी

एका राज्यात राजाने गावोगाव रुग्णशाळा बांधल्या होत्या. औषधे राजधानीच्या कोठारातून येत आणि उपचार फुकट होत. रुग्णांची हेळसांड होऊ नये म्हणून राजाने एक कडक कायदा केला होता. ज्या वैद्याच्या हातून चूक होईल, त्याने कुटुंबासह राज्य सोडायचे. तेव्हापासून चुकीची एकही वर्दी दरबारात आली नव्हती. राजा समाधानी होता.

कुरणगावच्या रुग्णशाळेत त्र्यंबक नावाचे वैद्य होते. हाताला यश असलेला, सावध माणूस. एके सकाळी यमुना नावाची विणकरीण तापाने फणफणलेले बाळ घेऊन आली. त्र्यंबकांनी फळीवरून अतिविषाची, म्हणजे बाळांच्या तापावरच्या औषधाची, समजून एक बरणी काढली, चिमूटभर पूड मधात कालवली आणि बाळाला चाटवली. थोड्याच वेळात बाळाच्या तोंडातून लाळ गळू लागली. ओठ निळे पडले, हातपाय गार झाले.

त्र्यंबकांनी बरणीवरचे नाव पुन्हा वाचले. ती बचनागाची होती. अतिविष बाळांना देतात, बचनाग जहरी. पण दोन्हींची पूड दिसायला सारखी, बरण्या सारख्या आणि फळीही एकच.

दिवसभर ते बाळाच्या जिवासाठी झगडत राहिले. संध्याकाळी बाळ रडले. यमुनेने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. "तुम्ही होता म्हणून माझं लेकरू राहिलं, वैद्यबुवा."

त्र्यंबकांनी तिला उठवले, पण बरणीचे नाव काढले नाही.

त्यानंतर दारावर थाप पडली की त्यांना राजाचे शिपाईच आले असे वाटे. म्हाताऱ्या आईला घेऊन परमुलखात कुठे जायचे, या विचाराने घास उतरत नसे. बाळ वाचले, कुणाला कळले नाही, आता गप्प राहावे असे त्यांनी ठरवून टाकले.

अशात शेजारच्या गावचे वैद्य त्यांच्याकडे उतरले. जेवताना पाहुण्यांनी सहज सांगितले की त्यांच्या रुग्णशाळेत तापाने आलेले एक बाळ औषध चाटवल्यावर निळे पडून दगावले. "आयुष्यच तेवढं होतं," ते म्हणाले, पण त्यांनी मान वर केली नाही.

त्र्यंबकांनी हातातला घास ताटात परत ठेवला. राज्यातल्या प्रत्येक फळीवर त्याच दोन बरण्या होत्या. या घडीलाही कुणाचा तरी हात त्यांच्याकडे जात असेल.

ते राजधानीला गेले. औषधे न्यायला आलेले गावोगावचे वैद्य दरबारात जमले होते; त्यांच्यासमोर ते राजापुढे उभे राहिले.

"महाराज, माझ्या हातून एका बाळाला विष दिलं गेलं. ते वाचलं. पण त्या बरण्या अजून सगळीकडे शेजारी शेजारी आहेत."

प्रधानाने कायद्याची आठवण करून दिली. राजा सभेतल्या वैद्यांकडे पाहत होता. सगळ्यांच्या माना खाली होत्या.

"बोलेल त्याला अभय आहे," राजा हळूच म्हणाला. "आणखी कोणाच्या हातून झालं?"

एक वृद्ध वैद्य उठले. त्यांच्यामागून दुसरे, मग तिसरे. राजा ऐकत गेला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडत गेला. शत्रू वेशीशी आला तेव्हाही तो इतका भ्याला नव्हता.

"इतकी वर्षं मीच तुमची तोंडं बंद केली होती," तो म्हणाला.

त्याच दिवशी स्वार सुटले. बचनाग लाल बरणीत, वेगळ्या कपाटात, कुलुपात गेला. औषध देण्याआधी दुसऱ्याने नाव मोठ्याने वाचावे असा नियम झाला. चूक सांगणाऱ्याला शिक्षा राहिली नाही. लपवणाऱ्याला मात्र राहिली.

गावी परतल्यावर त्र्यंबकांनी यमुनेला सगळे सांगितले. तिने बाळ छातीशी घट्ट धरले आणि दार लावून घेतले.

थंडीत बाळाला खोकला झाला. यमुना पुन्हा रुग्णशाळेत आली. इथेच का, असे त्र्यंबकांनी खालच्या आवाजात विचारले.

"दुसरीकडे चुकलं तर मला कोण सांगणार?" ती म्हणाली, आणि बरणीवरचे नाव वाचून होईपर्यंत तिने बाळ खाली ठेवले नाही.

तात्पर्य: शिक्षेच्या धाकाने चूक थांबत नाही, ती लपते आणि पुन्हा जीव घेते, चूक सांगायला अभय असेल तिथेच रुग्ण सुरक्षित राहतो.